मोटर पारखता, मग वाल का नाही?

तुमच्यापैकी ज्यांनी मोट हाकली आहे किंवा निदान लहानपणी पाहिली आहे, त्यांना मोटेची सोंड नक्की आठवत असेल. मोट भरून वर येताना सोंदूर ताणलेला असे, त्यामुळे सोंड वर दुमडलेली राही आणि पाणी आत टिके. बैल धावेच्या टोकाला पोचले की सोंड थारोळ्यात उलगडे आणि पाणी धो धो पाटाला लागे. पाणी कुठे अडवायचे आणि कुठे सोडायचे, हे सगळे त्या चामड्याच्या सोंडेत आणि एका बारीक दोरात होते. मोट गेली, मोटर आली. सोंडेचे काम मात्र कुठे गेले नाही. ते आता पितळेच्या, बिडाच्या नाहीतर प्लॅस्टिकच्या एका तुकड्याकडे आले आहे. दुकानदार त्याला व्हॉल्व्ह म्हणतो, आपण वाल म्हणतो. (शेंगेचा वाल वेगळा, हे आमच्या धाकट्या नातवाला समजवावे लागले!)

मोटर घ्यायची म्हटली की आपल्याकडे घरातली चार माणसे तालुक्याला जातात. कंपनी कोणती, हॉर्सपॉवर किती, वाइंडिंग तांब्याचे की कसले, सगळे विचारतात. पाइपाचे माप दोनदा मोजतात. आणि शेवटी बिल होता होता म्हणतात, "एक वाल पण टाका त्यात, कोणताही द्या." हे 'कोणताही द्या' किती महागात पडते ते मी आमच्याच घरात पाहिले, म्हणून हे लिहायला बसले.

आमचे शेत कळंब तालुक्यात. आपला धाराशिव जिल्हा बालाघाटच्या पठाराचा. जमीन सरळ कुठेच नाही. विहीर ओढ्याकाठी खाली आणि रान वर माळावर, हे आमचेच नव्हे, बहुतेकांचे. आमच्या तीन घरांत मिळून एक विहीर आहे. धाकटे भावजी विहिरीजवळ, मध्ये आम्ही, आणि थोरल्या जाऊबाईंचे रान सगळ्यांत वर, टेकाडाच्या पलीकडे. विहिरीपासून तिथपर्यंत तीन इंची पीव्हीसी पाइप टाकलेला आहे, साधारण २,६०० फूट. लाइन आमच्या रानातून टेकाडावर चढते, पलीकडच्या घळीत उतरते आणि पुन्हा चढून जाऊबाईंच्या हरभऱ्यात जाते. ही चढ-उतार लक्षात ठेवा, पुढे कामाची आहे.

पाळी ठरलेली होती. भावजींची पाळी, पाणी पुरेपूर. आमची पाळी, पाणी पुरेपूर. जाऊबाईंची पाळी आली की पाइपाच्या तोंडाला पाणी जेमतेम. कधी गुळण्या टाकल्यासारखे, कधी करंगळीएवढी धार. एका पाळीत निम्मे वाफेसुद्धा भिजेनात. आता अशा वेळी माणसाच्या मनात काय येते ते मी सांगायला नको. मधला वाल आमचा. तेव्हा आम्हीच तो थोडा उघडा ठेवून रात्रीचे पाणी आमच्या गव्हाला घेतो, असा आळ आला. तोंडावर कोणी बोलले नाही, पण जाऊबाई संक्रांतीला वाण द्यायला आल्या नाहीत. मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, दोन रात्री स्वतः कंदील घेऊन आमच्या वालापाशी बसून पाहिले. वाल बंद, आमच्या पाटात थेंब नाही, आणि तरी वर पाणी नाही. तोवर हरभरा घाट्यांत आला होता आणि घाट्यांतल्या हरभऱ्याला पाणी चुकले तर दाणा कसा राहतो, हे तुम्हाला ठाऊक आहे.

शेवटी कळंबच्या एका जुन्या मिस्त्रींना बोलावले. त्यांनी वाल पाहिलाच नाही. लाइनीवरून चालत टेकाडावर गेले, पाइप उकरायला लावला, मोटर चालू ठेवून जोडाजवळ पाइपाच्या पाठीला बारीक छिद्र पाडले. पाणी नाहीच आले. सायकलच्या चाकातून निघावी तशी हवा सूं सूं करत निघाली, कितीतरी वेळ. मग पाणी उडाले. आणि खाली जाऊबाईंच्या रानात धार भरून आली.

"आबा, चोर घरात न्हाई, पायपात हाय," एवढेच ते मामांना म्हणाले.

लाइन टाकणाऱ्याने तिथे एअर वाल बसवलाच नव्हता. गरज नाही म्हणून सांगून तो मोकळा झाला होता. काही शे रुपयांच्या वस्तूपायी एक हंगाम गेला आणि दोन घरांचे बोलणे बंद पडले.

हवा पाण्यापेक्षा हलकी, म्हणून ती लाइनीच्या सगळ्यांत उंच जागी जाऊन बसते आणि पाण्याची वाट अरुंद करते. मोटर जोर लावते, विजेचे युनिट पडतात आणि पाणी निम्मेही येत नाही. एअर वालाच्या आत एक पोकळ गोळा असतो. लाइन भरताना हवा वरच्या छिद्रातून बाहेर पडते, पाणी आले की गोळा तरंगून छिद्र बंद करतो. मोटर थांबून लाइन रिकामी होऊ लागली की गोळा खाली पडतो आणि बाहेरची हवा आत येते. हे आत येणेही तितकेच महत्त्वाचे. नाहीतर उतारावरून निघालेले पाणी पाठीमागे पोकळी करते, पातळ पाइप चेपतो, जोडाचे रबर आत ओढले जाते. तीन इंची लाइनीला एक इंची एअर वाल चालतो. घेताना दुकानदाराला विचारा, हा लाइन दाबाखाली असतानाही साठलेली हवा काढतो का? दोन्ही कामे करणारा मिळतो, तोच घ्या. आणि त्याच्या खाली एक लहान बॉल वाल टाका, म्हणजे एअर वाल साफ करायला सगळी लाइन बंद करावी लागत नाही.

यात नवे काही नाही, बरे का. आपल्या मराठवाड्यातच सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने आजच्या छत्रपती संभाजीनगर शहराला, म्हणजे तेव्हाच्या खडकीला, नहर करून पाणी आणले. तिथल्या जुन्या नहरींच्या वाटेवर दगड-चुन्याचे उंच मनोरे आजही काही ठिकाणी दिसतात. नळातली हवा बाहेर पडावी, हे त्यांचे एक काम. पाणचक्की पाहायला जाल तेव्हा मुलांना हे दाखवा. चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाला जे कळले ते आपल्या लाइन टाकणाऱ्याला कळू नये?

आता दुसरी गोष्ट, पाइप फुटण्याची. शेतीची थ्री-फेज वीज पाळीने येते आणि रात्रीची पाळी असली की मालक उठून जायला नको म्हणून मोटरीला ऑटो स्विच बसवतात. रात्री दोनला वीज येते, मोटर आपोआप सुरू होते, रिकाम्या लाइनीत पाणी धावत सुटते, पुढची हवा दाबली जाते आणि कुठल्यातरी वळणावर एल्बो उडतो. सकाळी जाऊन पाहावे तर रानात तळे आणि विहिरीत तळ. उन्हाळ्याच्या तोंडी विहिरीचे एका रात्रीचे पाणी वाहून जाणे म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला विचारा. १९७२ चा दुष्काळ मामांनी पाहिला आणि २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आलेले आम्ही सगळ्यांनी ऐकले.

फुटण्याचे दुसरे कारण आपला हात. बॉल वाल दांडी पाव फेरा फिरवली की बंद होतो. सोय मोठी, पण पाइपातले धावते पाणी एकदम अडले की त्याचा दणका मागे जातो. थोडे गणित सांगते. पीव्हीसी पाइपात हा दणका सेकंदाला साधारण ४०० मीटर वेगाने पळतो. पाणी सेकंदाला एक मीटर वाहत असताना ते एकदम थांबवले, तर पाइपावर जवळजवळ ४ किलोचा दाब वाढतो. आमच्या विहिरीपासून वरचे रान ८० फूट उंच, म्हणजे खालच्या टोकाला सुमारे अडीच किलो दाब उभ्या पाण्याचाच असतो. त्यात ४ मिळवा, झाले साडेसहा. आणि आपण पैसे वाचवायला घेतलेला पाइप असतो ४ किलोचा. फुटणार नाही तर काय होईल? हा पुरा दणका टाळायचा तर आमच्याएवढ्या लाइनीवर वाल बंद करायला चार सेकंदांहून बराच जास्त वेळ लागला पाहिजे. मी तर सगळ्यांना सांगते, मनात वीस-पंचवीस आकडे मोजत दांडी फिरवा. म्हणूनच लांब लाइनीच्या मुख्य जागी चक्रीचा गेट वाल बरा. त्याला बंद व्हायला अनेक फेरे लागतात, घाई करावी म्हटले तरी करता येत नाही.

विहिरीच्या काठावर बसवलेली साधी मोनोब्लॉक मोटर असेल तर तीही वाल बंद ठेवून सुरू करावी आणि मग अर्ध्या-एक मिनिटात हळूहळू उघडावा. मालकांना हे पटत नव्हते. वाल बंद म्हणजे मोटरीवर लोड, असे त्यांना वाटे. प्रत्यक्षात या पंपाला पाणी ढकलायचे नसते तेव्हा तो सर्वांत कमी वीज ओढतो. अँपिअरचा काटा पाहिला तेव्हा त्यांची खात्री झाली. बंद वालावर मोटर तशीच चालू ठेवून जेवायला मात्र जाऊ नका, पंपातले पाणी तापून आतले सील जाते. ऑटो स्विच असेल तर एवढे करायला कोणी नसते. तेव्हा निदान लाइन भरलेली राहील आणि हवेला वाट असेल, एवढी तजवीज हवीच. सौर पंप हलके हलके वेग घेतो, तिथे सुरुवातीचा धक्का कमी असतो. बाकीचे वाल मात्र त्यालाही लागतात.

नळदुर्गचा किल्ला तुम्ही पाहिला असेल. बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणी महाल केला आहे, १६१३ सालचा, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. पावसाळ्यात नर आणि मादी अशा दोन वाटांनी जादा पाणी खाली कोसळते आणि बांध शाबूत राहतो. आपल्या ठिबकच्या हेडवर जो प्रेशर रिलीफ वाल असतो, त्याचे काम हेच. दाब मर्यादेबाहेर गेला की पाणी बाहेर सोडून पाइप वाचवायचा. पुष्कळ जण त्यातून पाणी उडते म्हणून त्याला प्लग मारून टाकतात. म्हणजे सांडव्याला भिंत घालण्यासारखेच!

लाइन भरलेली ठेवण्याचे काम नॉन-रिटर्न वालाचे, ज्याला मिस्त्री एनआरव्ही म्हणतात. पाणी पुढे जाऊ देतो, मागे येऊ देत नाही. वीज गेली की चढावरचे सगळे पाणी मागे विहिरीकडे लोटते. हा वाल नसेल तर पंप उलटा फिरतो. त्याच्या अंगावर बाण कोरलेला असतो, तो पाण्याच्या वाटेने हवा. उलटा बसला तर पाणीच येत नाही आणि बिचाऱ्या मोटरीला शिव्या बसतात. पाणबुडी मोटरीच्या डोक्याशी असा एक वाल बहुधा असतोच, तरी विहिरीच्या काठावर आणखी एक असावा. बाहेर दुरुस्त करता येतो, तेवढ्यासाठी मोटर उपसावी लागत नाही.

काठावरच्या मोटरीला विहिरीत फूट वाल लागतो. याच्याशी आपल्या बायांची ओळख जास्त, कारण तो गळू लागला की पंपात पाणी भरायला घागरी आपणच वाहतो. शेणकाला ओतून काम भागवायची रीत तुमच्याकडेही असेल. एक दिवस भागते. पण शेण जाळीत आणि पंपाच्या पंख्यात जाऊन बसते. फूट वालातली चामडी किंवा रबर झिजलेले असते, ते बदलणे दोन तासांचे काम आहे. जाळी विहिरीच्या तळाच्या गाळापासून दोन फूट वर आणि पाण्यात दोन फूट तरी बुडालेली असावी. पाणी ओढण्यालाही मर्यादा आहे. निसर्गाच्या हिशेबाने समुद्रसपाटीला सुमारे ३४ फूट, आपण दोन हजार फुटांच्या आसपास उंचीवर, म्हणून आणखी कमी, आणि व्यवहारात २० फुटांच्या आत ठेवावे हे उत्तम. विहिरीचे पाणी खाली गेले की मोटर खाली उतरवा, फूट वालाला दोष देऊ नका.

फूट वाल स्वस्तातला घेतला तर त्याचे पैसे वीजबिलात भरावे लागतात. आतली वाट अरुंद असली की मोटरीचा निम्मा जीव पाणी ओढण्यातच जातो. १९८० च्या दशकात गुजरातेत शेतकऱ्यांच्या जुन्या पंपांचे नुसते फूट वाल आणि पाइप बदलून पाहिले, तर तेवढ्यानेच विजेची चांगली बचत झाली. भारतीय मानक संस्थेने शेतीपंपाच्या फूट वालासाठी आयएस १०८०५ हे मानक केले आहे. तो आकडा आणि आयएसआयची खूण वालावर आहे का, ते चष्मा लावून बघा. पितळी गेट वालाला आयएस ७७८ आणि पाणीपुरवठ्याच्या मोठ्या बिडाच्या वालाला आयएस १४८४६.

गेट वालाबद्दल एक सांगायचे राहिले. तो पुरा उघडा किंवा पुरा बंद, यासाठी केलेला आहे. दोन वाफ्यांत पाणी वाटून द्यायला अर्धा उघडा ठेवला की आतले पाते थरथरते, कडा खाल्ल्या जातात आणि मग पुरा बंद केला तरी गळतो. रोजच पाणी कमी-जास्त करायचे असेल तर ग्लोब वाल घ्या. तो पाण्याला वळसा घालायला लावतो, दाब थोडा खातो, पण त्यासाठीच केलेला आहे. ठिबकच्या उपनळ्यांना आणि घरच्या टाकीला बॉल वाल पुरे.

आता गावातल्या नळाकडे. जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झाले, माणशी रोज ५५ लिटर पाणी हा त्याचा हिशेब. वालातून सेकंदाला एक थेंब गळत असेल तर दिवसाला २० लिटरच्या आसपास पाणी जाते. असे तीन वाल गळाले की एका माणसाचे पाणी मातीत गेले. पण गळतीपेक्षा मला भीती वाटते ती वालाच्या चेंबरची. आपल्याकडे नळ रोज दिवसभर नसतो. पाणी बंद झाले की पाइप रिकामा होताना आत ओढ घेतो, आणि चेंबर गटारीच्या पाण्याने भरलेले असेल तर ज्या फटीतून पाणी बाहेर गळत होते, त्याच फटीतून घाण आत जाते. दुसऱ्या दिवशी तेच पाणी आपण लेकरांना पाजतो. गावात हगवण सुरू झाली की टाकीत पावडर टाकतात, ती टाकावीच, पण एकदा चेंबरची झाकणेही उघडून पाहावीत. आमच्या गल्लीतल्या आम्ही आठ-दहा जणींनी ग्रामपंचायतीत जाऊन एवढेच मागितले की, चेंबर उपसा, वालाची ग्लँड दोरी बदला आणि कडा जमिनीपासून वीतभर उंच करा. काम दोन दिवसांत झाले, मागणी मात्र चार महिने करावी लागली.

बसवताना मिस्त्रीजवळ उभे राहा. वालाचे वजन पाइपावर लोंबू देऊ नये, खाली विटेचा किंवा काँक्रीटचा ठोकळा हवा. दोन्ही बाजूंना नाहीतर निदान एका बाजूला युनियन किंवा फ्लँज असावा, म्हणजे पुढे वाल काढताना पाइप कापावा लागत नाही. प्लॅस्टिकच्या आट्यांवर टेप गुंडाळून हाताने आवळून वर थोडासाच पाना फिरवावा. जोर लावला की आटा फाटतो, आणि ते लगेच कळत नाही, पाणी सोडल्यावर कळते. सोल्युशन लावलेला जोड त्याच दिवशी दाबाखाली घेऊ नये.

आमच्या टेकाडावर त्याच आठवड्यात एअर वाल बसला. पैसे तिन्ही घरांनी सारखे घातले आणि खड्डा जाऊबाईंच्या मुलाने खणला. त्याच्याभोवती विटांचे कुंपण करून वर फरशी ठेवली आहे. दर दसऱ्याला, रब्बीचे पाणी सुरू करायच्या आधी, लाइनीवरचे सगळे वाल एकदा पुरे उघडून पुरे बंद करतो, कारण वर्षभर न फिरवलेला वाल नेमका गरजेच्या दिवशी अडकतो. आणि प्रत्येक वालापाशी चुन्याने रंगवलेला एक दगड रोवला आहे, ट्रॅक्टरवाला नवा असला तरी नांगराचा फाळ तिथून हातभर लांबून जावा म्हणून.